एकहाती की दोनहाती?
हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट माशांच्या फ्लाय फिशिंगला, म्हणजे कृत्रिम माशीचं आमिष (फ्लाय) लावून गळ टाकायला, जायचं ठरलं की नाशिकच्या आमच्या मित्रमंडळीत पहिला वाद रॉडचा. ९ फुटी एकहाती घ्यायचा, की ११-१२ फुटी, दोन्ही हातांनी फेकायचा स्पे?

सराव आम्ही गंगापूर धरणाच्या काठावर करतो, गळ न लावता, लाइनच्या (दोरीच्या) टोकाला लाल लोकरीचा गोंडा बांधून. मागे बाभळी. एकहाती रॉडने लाइन मागे फेकली की गोंडा काट्यांत अडकलाच! स्पेचं तसं नाही. लाइनचं टोक क्षणभर पाण्यावर टेकवायचं, रॉडमागे इंग्रजी ‘डी’सारखा फुगा होऊ द्यायचा, मग वरचा हात पुढे आणि खालचा पोटाकडे. पाण्याने धरलेलं ते टोकच रॉडला वाकवतं. म्हणून हे हिरवळीवर नीट शिकता येत नाही, पाणीच हवं. पद्धत स्कॉटलंडच्या स्पे नदीवरची, मुळात सॅमनसाठी. तिथे १४-१५ फुटी रॉड शोभतो. ट्राउटला ३-४ नंबरचा (हा नंबर लाइनच्या वजनाचा) हलका दोनहाती भरपूर झाला.

तरीही तीर्थनसाठी मी एकहातीच सांगेन. दगडांमधले छोटे डोह, फेक २०-२५ फुटांची, आणि ड्राय फ्लाय (पाण्यावर तरंगणारी) अलगद उतरवायला आखूड रॉडच हातात बसतो. रुंद पात्रात ओली फ्लाय (पाण्याखाली बुडणारी) प्रवाहात आडवी फिरवायची असेल, तर मात्र स्पेला तोड नाही. दिवसभर फेकूनही खांदा भरून येत नाही.

हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना दोन्हींना लागतो. तो आधी काढा.