टिळक रोडचा नंबर, भोसरीत वाजणारा फोन: तपकीर गल्लीतल्या या दुकानाला माझ्याकडून पाच स्टार

आमचा पंपाच्या स्पेअर पार्ट्सचा धंदा, ऑफिस टिळक रोडला आणि ऑर्डर घेणारी सगळी मंडळी आता भोसरी एमआयडीसीत. पण नंबर तोच, बाबांच्या वेळचा पुण्याचा ०२०चा, इंदापूर-दौंडकडच्या जुन्या गिऱ्हाइकांना तोच पाठ आहे, तो बदलायचा नाही हे घरात सगळ्यांचं पक्कं होतं.

या नंबरचे कॉल भोसरीत वाजवायचं काम आधी दुसऱ्याच एका व्हेंडरने केलेलं, त्याने काय केलं तर टिळक रोडच्या ईपीएबीएक्सवरून, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या टेलिफोन एक्स्चेंजवरून, सरळ भोसरीच्या नंबरवर कॉल फॉरवर्ड. आमच्या हंटिंगमध्ये, म्हणजे त्या एकाच नंबरवर, चार लाइनी, एक कॉल आत आला की तो बाहेर पाठवायला दुसरी लाइन जाते, म्हणजे दोनच गिऱ्हाइकं बोलत असली की चारही लाइनी भरल्या आणि तिसऱ्याला एंगेज. भोसरीत स्क्रीनवर गिऱ्हाइकाचा नंबर नाही, आमचाच नंबर दिसायचा, त्यामुळे कट झालेला कॉल परत लावायची सोय नाही. आणि बोलणं संपून दोघांनी फोन ठेवला तरी कधी कधी आतल्या दोन लाइनी एकमेकींना धरूनच बसायच्या, मग ऑपरेटर ताई उठून सिस्टीम बंद-चालू करणार. एक जुने गिऱ्हाईक मेकॅनिकल सीलसाठी दोन दिवस फोन लावून शेवटी एसटीने ऑफिसला आले, "अहो, दुकान बंद केलंत का?" म्हणाले, मला फार लागलं ते.

मग तपकीर गल्लीत टेलिफोन सिस्टीमच्या या दुकानात गेले. दुकानातल्या काकांनी आधी काही विकलंच नाही, दोन्हीकडच्या सिस्टीम बघितल्या, आहेत त्याच चालतील म्हणाले, फक्त एसआयपीचं, म्हणजे नेटवरून कॉल न्यायच्या पद्धतीचं, लायसन्स आणि एक कार्ड घ्यायला लावलं. दोन्ही ऑफिसं व्हीपीएनवरून, म्हणजे नेटवरच्या खासगी लिंकने, जोडली, टिळक रोडची एक्स्टेन्शन २०० पासून, भोसरीची ३०० पासून, आता बाहेरून कॉल येतो तो एकच लाइन धरतो आणि आतल्या लिंकवरून ३०१च्या ग्रुपला वाजतो. २० सेकंदात कोणी उचलला नाही तर परत टिळक रोडला. एका कॉलला नेटचा साधारण ९० केबीपीएस एवढाच वेग लागतो म्हणे, म्हणजे नेट वेगळं घ्यावं लागलं नाही. गिऱ्हाइकाचा नंबर आता भोसरीत दिसतो, त्यासाठी लाइनवर कॉलर आयडी चालू करून घ्यावा लागला तेवढाच.

पहिल्या दिवशी गडबड झाली, आमचा आवाज जायचा पण समोरचा ऐकू यायचा नाही. काका जेवायचे थांबले, राउटरमधली एसआयपी एएलजी नावाची सेटिंग बंद केली आणि आवाज दोन्हीकडून सुरू. मग भोसरीला फोन करून सांगितलं की आता लिंक पडणार आहे, आणि स्वतः राउटरची वायर उपटली, मला म्हणाले ताई मोबाइलवरून तुमचा नंबर लावा, लावला तर ऑपरेटरच्या टेबलावर वाजला. असं तोडून दाखवणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

सगळ्यात आवडलं ते गुरुवारचं. भोसरीला गुरुवारी सुट्टी, टिळक रोडला रविवारी. हे मी सांगायचं विसरले होते, त्यांनीच विचारलं, आणि वारांप्रमाणे टाइमटेबल टाकून दिलं, गुरुवारी सगळे कॉल इथेच राहतात, रविवारी अकाउंट्सची चौथी लाइनसुद्धा भोसरीला जाते.

तक्रार एकच. प्रोग्रॅमिंगचा कागद आणि पासवर्ड तीनदा मागितल्यावर मिळाला, तो बिलाबरोबरच द्यायला हवा. आणि तुमचं दुसरं ऑफिस ०२०च्या बाहेर असेल तर बाहेरचे कॉल असे फिरवायला दूरसंचार खात्याचे नियम आहेत, ते आधी विचारून घ्या, हेही काकांनीच सांगितलं.

मागच्या महिन्यात भोसरीत रस्ता खणताना फायबर तुटली, अर्धा दिवस नेट नाही. ऑपरेटर ताईंनी एकटीने सगळ्या ऑर्डरी वहीत उतरवून घेतल्या, एकही गिऱ्हाईक एंगेज टोन ऐकून परत गेलं नाही.