मेडिकलच्या दुकानाला सल्लागार लावावा की वकील?

एफडीएची, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची, नोटीस आली की दुकानदाराला दोन नावं सुचवली जातात: कुणाच्या तरी ओळखीतला सल्लागार आणि औषध कायद्याची प्रकरणं चालवणारा वकील. बहुतेक जण फी विचारून ठरवतात. खरं तर आधी कागद कुठला आलाय ते बघायला हवं.

सल्लागाराचं खरं काम नोटिशीच्या आधीचं. चांगला सल्लागार दुकानात येऊन औषध निरीक्षक जे बघेल तेच बघतो. शेड्यूल एच-१ चं (चिठ्ठीवरच द्यायच्या आणि वेगळी नोंद ठेवायच्या औषधांचं) रजिस्टर तीन वर्षांचं जपलंय का, एक्सपायरीचा माल वेगळा काढलाय का, फार्मासिस्ट जेवायला गेला की काउंटरवर कोण उभं असतं, फ्रिजमध्ये इन्शुलिनच्या शेजारी कुणाचा डबा तर नाही ना. खरेदीच्या बिलावरचा बॅच नंबर कपाटातल्या स्ट्रिपशी ताडून पाहणारा कुणी भेटला, तर त्याला सोडू नका. नुसत्या फायली रंगवून देणारे पुष्कळ आहेत.

त्या बॅच नंबरचं मोल कोर्टात कळतं. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० च्या कलम १९(३) मध्ये विक्रेत्याला बचाव आहे: माल परवानाधारकाकडून घेतला, वाजवी काळजी घेऊनही दोष कळण्यासारखा नव्हता, आणि माल नीट साठवून आला तसाच ठेवला. हे दाखवायला बिलं लागतात, फ्रिजच्या तापमानाच्या नोंदी लागतात. त्याच नसतील तर वकील तरी काय करणार?

फार्मासिस्ट गैरहजर होता, बिलं अर्धवट होती, अशा नोटिशीचं उत्तर सल्लागारानं लिहिलं तरी चालतं. पाठवण्यापूर्वी वकिलाच्या नजरेखालून घाला. ‘चूक झाली, पुन्हा होणार नाही’ हे वाक्य नम्र वाटतं, पण ती लेखी कबुली असते. परवाना निलंबित झालाच, तर औषध नियमांतल्या नियम ६६ प्रमाणे तीन महिन्यांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.

निरीक्षकानं तपासणीला नेलेला औषधाचा नमुना अप्रमाणित ठरल्याचा अहवाल आला, तर मात्र थेट वकील गाठा. खटल्यात उभं राहायला वकीलपत्रच लागतं. शिवाय वकिलाशी झालेल्या बोलण्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण आहे, सल्लागाराशी झालेल्या बोलण्याला नाही. सल्लागार ‘साहेबांना भेटून घेऊ’ म्हणत राहतो आणि तेवढ्यात मुदत टळते.

माझं मत विचाराल तर एकट्या दुकानाला वर्षातून दोनदा सल्लागाराची तपासणी पुरे. वकील लागेल तेव्हा, प्रकरणापुरता. होलसेलचा परवाना किंवा चार-पाच शाखा असतील, तर वकील आधीपासून ठरवलेला बरा.

आणि अहवाल ज्या पाकिटातून आला ते फेकू नका. औषध कायद्याच्या कलम २५ प्रमाणे अहवालाला आव्हान देणार असल्याचं लेखी कळवायला २८ दिवस मिळतात, आणि ते अहवालावरच्या तारखेपासून नव्हे, तो तुमच्या हाती पडल्यापासून मोजतात.