जेसन, प्रोटोबफ, एक्सएमएल: टॉवेल कारखान्यात तिन्ही वापरून झाल्यावर

जेसन, प्रोटोबफ आणि एक्सएमएल हे प्रोग्रामांनी एकमेकांना माहिती पाठवायचे तीन फॉरमॅट. यातला एकच सगळीकडे चालवायचा हट्ट धरू नका, हे आधीच सांगतो. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. सर्व्हर एकच, पण त्याच्याशी बोलणारे तीन: बार्शी-मंगळवेढ्याकडे ऑर्डरी घेत फिरणाऱ्या सेल्समनचं ॲप, मागांवर पिक (आडव्या धाग्याची एकेक फेरी) मोजणारे छोटे ईएसपी३२ संगणक-बोर्ड आणि हिशेबनिसाच्या टेबलावरचं टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर.

ॲपला जेसन ठेवलं आणि इतक्या महिन्यांत ते बदलावंसं वाटलं नाही. कारण वेगाचं नाहीच. सेल्समनचा फोन येतो, "साहेब, ऑर्डर गेली का नाही बघा की." लॉग उघडायचा आणि सरळ वाचायचं: कुठलं दुकान, कुठला साइज, किती डझन. प्रोटोबफचे बाइट असे वाचता येत नाहीत. आधी स्कीमा (कुठल्या क्रमांकाला काय अर्थ, याचा आराखडा) शोधा, मग डिकोड करा, तोवर समोरचा फोन ठेवून मोकळा.

जेसन जड असतं ही तक्रार खरी आहे, पण मराठी मजकुराच्या बाबतीत दोष बऱ्याचदा सेटिंगचा असतो. 'सोलापूर' हा शब्द युटीएफ-८ या नेहमीच्या अक्षर-संकेतात २१ बाइट घेतो. पीएचपीचं एन्कोड फंक्शन काही न सांगता वापरलं तर प्रत्येक चिन्हामागे ६ बाइटांचा युनिकोड एस्केप लिहितं, म्हणजे तोच शब्द ४२ बाइट. पर्याय बदलला की आकार निम्मा. वर जीझिप, म्हणजे मजकूर दाबून लहान करणारी सोय, लावली की ओळीगणिक परत येणारी रकान्यांची नावंही दबून जातात. दुकानांची नावं-पत्ते मराठीत असलेल्यांनी आधी हे करून बघावं, मग फॉरमॅट बदलायचा विचार करावा. रक्कम मात्र दशांशात पाठवू नका. आम्ही रुपयांचे पैसे करून पूर्णांकच पाठवतो. संगणकाने अपूर्णांकांची बेरीज केली की दशांशचिन्हापुढे येणारी चुकीच्या आकड्यांची शेपटी बिलावर कुणाला नको असते.

मागांवर गोष्ट वेगळी. तिथे वाचणारा माणूस नाही, बोर्डाची मेमरी थोडी आणि संदेश सारखे येत राहतात. तिथे प्रोटोबफ, छोट्या बोर्डांसाठीच्या नॅनोपीबी लायब्ररीतून. फील्डला, म्हणजे संदेशातल्या एकेका रकान्याला, नावाऐवजी क्रमांक जातो आणि १ ते १५ क्रमांकांचा टॅग एकाच बाइटात बसतो, म्हणून माग क्रमांक आणि पिक यांना पहिले क्रमांक दिले. नवं फील्ड आलं तरी जुना वाचक ते सोडून पुढे जातो. काढलेल्या फील्डचा क्रमांक मात्र कायमचा राखून ठेवायचा, दुसऱ्या कशाला द्यायचा नाही. जुन्या बोर्डांवर तो जुन्याच अर्थाने चालू असतो, कारण चालू माग थांबवून फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्राम) बदलायला जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा मिस्त्री, सहजी तयार होत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

यातली सगळ्यात डोकं खाणारी गोष्ट म्हणजे शून्य. प्रोटो३, म्हणजे प्रोटोबफच्या तिसऱ्या आवृत्तीत, साध्या फील्डची किंमत शून्य असली तर ती पाठवलीच जात नाही. आमच्याकडे शून्य पिक म्हणजे माग बंद: ताणा तुटला, कांडी संपली, नाहीतर वीज गेली. आकडाच आला नाही म्हणजे सेन्सरची वायर निघाली. पहिल्यात जॉबरला हाक मारायची, दुसऱ्यात इलेक्ट्रिशियनला. सर्व्हरला मात्र दोन्ही सारखंच दिसतं. स्कीमात फील्ड 'ऑप्शनल' केलं की हा फरक कळतो. ज्याच्या धंद्यात शून्यालाही अर्थ आहे, त्याने स्कीमाची पहिली ओळ लिहितानाच हे ठरवावं.

टॅलीसाठी निवड आमच्या हातात नव्हती. पोर्ट ९००० वर एक्सएमएल पाठवा, एक्सएमएल घ्या. टॅगांचा पसारा बघून नव्या पोरांना घाम फुटतो, पण एकदा साचा बसला की चालत राहतं. डेबिटची रक्कम उणे चिन्हाने जाते, एवढं लक्षात असू द्या.

खरा वैताग तारखांचा. जेसनमध्ये तारीख हा प्रकारच नाही; तुम्ही जी स्ट्रिंग ठरवाल ती तारीख. आमच्या ॲपमध्ये वर्ष आधी, मध्ये आडव्या रेघा. टॅलीला आठ आकडे सलग. जीएसटीचं ई-इन्व्हॉइस, जे ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे, तेही जेसनच, पण तिथे दिवस आधी आणि मध्ये तिरक्या रेघा. एकाच बिलाची तारीख तीन ठिकाणी तीन तऱ्हेने. हे सगळं रूपांतर आम्ही एकाच फाइलमध्ये ठेवलंय आणि मार्चअखेरीला त्या फाइलला कुणी हात लावायचा नाही, असा ऑफिसात नियम आहे.