संगीत नाटकाचा जुना ऑर्गन: भाता दुरुस्त करावा की विजेचा ब्लोअर जोडावा?

घरात किंवा नाट्यसंस्थेच्या खोलीत पायाचा जुना ऑर्गन झाकून पडला असेल आणि तो पुन्हा वाजता करायचा असेल, तर पहिला प्रश्न वाऱ्याचा. माझं मत आधीच सांगतो: भाता दुरुस्त करा. ब्लोअर हवाच असेल तर नंतर, आणि काढता येईल असा.

कारण साधं आहे. एस्टी, मेसन अँड हॅम्लिन या कंपन्यांचे अमेरिकन ऑर्गन हवा फुंकत नाहीत, ओढतात. पेडलचे दोन भाते मोठ्या भात्यातली हवा उपसतात आणि बाहेरची हवा पितळी सुरांमधून, म्हणजे वाजणाऱ्या पातळ पट्ट्यांमधून, आत शिरते. ब्लोअर जोडला तरी मोठा भाता तोच राहतो. तो गळका असेल तर मोटर नुसती गळतीच ओढत बसते.

तपासायला स्टॉप (सुरांचे संच उघडणाऱ्या खुंट्या) बंद ठेवा, पेडल मारून भाता पूर्ण मिटू द्या आणि पाय काढा. काही सेकंदांत तो फुगला तर कापड गेलं असं समजा. खात्रीसाठी अंधारात भात्याच्या आत छोटा दिवा सोडा. घड्यांच्या कोपऱ्यांवर सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतील. कापडावरचं रबर आधी तिथंच तडकतं.

हार्मोनिअमच्या भात्यावर हात बसलेला कारागीर हे काम करू शकतो, मात्र त्याच्याशी दोन गोष्टी ठरवून घ्या. जुनं कापड सरसाने चिकटवलेलं असतं, ते कोमट ओल्या फडक्याने सुटतं. नवंही सरसानेच लावावं. फेव्हिकॉलने लावलेलं पुढच्या माणसाला लाकूड खरवडूनच काढावं लागतं. आणि जाड रेक्झिन नको. त्याची घडी नीट बसत नाही, पेडल जड होतं. चामड्याच्या झडपाही त्याच वेळी बदला.

या खटाटोपाचं फळ नाट्यपदाच्या साथीत मिळतं. गायक आलाप आवरता घेतो तसा वादक पाय हलका करतो. सूर ढळत नाही, आवाज तेवढा उतरतो. ब्लोअरची ओढ एकसारखी असते. आवाज कमी-जास्त करायला गुडघ्याने ढकलायची पट्टी असते, पण इतका बारीक फरक तिला साधत नाही.

तरीही गुडघे दुखत असतील किंवा तासन्‌तास रियाज असेल, तर ब्लोअर योग्यच. फक्त व्हॅक्यूम क्लीनरची मोटर लावू नका. ऑर्गनला नळीतलं पाणी दोन-चार इंच चढवेल एवढी ओढ पुरते. ती मोटर त्याच्या कितीतरी पट ओढते आणि किंचाळते. नाशिकच्या कालिदास कलामंदिरात पहिल्या रांगेपर्यंत पदाऐवजी तीच ऐकू जाईल.

पाइप ऑर्गनचा जुना ब्लोअर, म्हणजे हार्टफर्डच्या स्पेन्सर कंपनीच्या ऑर्गोब्लोसारखा, भंगारात मिळाला तर तो वाचवण्यासारखा आहे. तो दाबाने हवा देतो, पण त्याची हवा आत घेणारी बाजू ओढतेच; नळी तिथं जोडायची. वीज देण्याआधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून मोटरचं वाइंडिंग तपासा. रिवाइंडिंग आणि पंख्याचं बॅलन्सिंग नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक पट्ट्यात होण्यासारखं काम आहे. अमेरिकन मोटर 60 सायकलच्या (हर्ट्झच्या) विजेची असेल तर आपल्या 50 सायकलवर वेग पाच-षष्ठांश होतो आणि ओढ सुमारे 70 टक्क्यांवर येते. ऑर्गनला तीही पुरेल, मात्र जुनी मोटर कमी सायकलवर जास्त तापते. व्होल्टेज त्या प्रमाणात उतरवून घ्या.

नळीच्या जोडावर हवा एकाच दिशेने जाऊ देणारी एकेरी झडप बसवा, म्हणजे वीज गेली तरी पेडल चालतील. मूळ लाकडाला भोक पाडू देऊ नका. मागे नवी फळी लावून तिच्यातून नळी घ्या आणि जुनी फळी जपून ठेवा.