पोतिकी, वडाची पानं की टिकाँग्ज: पॅसिफिक बेटांचं कथासाहित्य कुठून सुरू करावं?

पॅट्रिशिया ग्रेस यांची ‘पोतिकी’ (१९८६), अल्बर्ट वेंट यांची ‘लीव्ह्ज ऑफ द बॅन्यन ट्री’ (१९७९) आणि एपेली हाउओफा यांचा कथासंग्रह ‘टेल्स ऑफ द टिकाँग्ज’ (१९८३). तिन्ही इंग्रजीत लिहिलेली आहेत. तिन्हींत समुद्र आहे, बायबल आहे, जमिनीवरून चाललेली ओढाताण आहे. तरी एकाची तहान दुसऱ्यावर भागत नाही. पहिलं न्यूझीलंडच्या माओरींचं, दुसरं सामोआचं, तिसरं एका कल्पित बेटाचं, आणि त्या बेटाला टोंगाचा चेहरा लपवता आलेला नाही. जाडीतही फरक आहे: टिकाँग्ज शंभर पानांच्या आत, पोतिकी दोनशेच्या आत, वेंट चारशेच्या वर.

निवड करताना एकच प्रश्न विचारावा: गोऱ्यांचा हात तुम्हाला कुठे बघायचा आहे? ग्रेस यांच्याकडे तो दाराबाहेर उभा आहे, वेंट यांच्याकडे घरात बापाच्या रूपात बसला आहे, आणि हाउओफांकडे तो अनुदानाच्या अर्जात आहे. ‘पुराणकथा आवडतात म्हणून हे, इतिहास आवडतो म्हणून ते’ अशी वाटणी इथे होत नाही, कारण या तिघांपैकी कुणीच दोन्ही वेगळं ठेवलेलं नाही.

तो हात दाराबाहेर बघायचा असेल तर पोतिकी घ्यावी. पण त्याआधी माओरी पुराणकथांतल्या माउईची गोष्ट माहीत हवी, नाहीतर अर्धं पुस्तक हातातून निसटतं. माउई दिवस भरायच्या आत जन्मला. आई तारांगाने त्याला आपल्या अंबाड्याच्या केसांत गुंडाळून समुद्रात सोडलं. तो जगला, परत आला, भावांबरोबर मासेमारीला गेला आणि आजीच्या जबड्याच्या हाडाचा गळ करून त्याने एक अवाढव्य मासा वर ओढला. तो मासा म्हणजेच न्यूझीलंडचं उत्तर बेट, ते इका आ माउई. शेवटी मृत्यूलाच हरवायला निघाला आणि हिने-नुइ-ते-पो या रात्रीच्या देवीच्या देहात शिरताना, एका चिमुकल्या पक्ष्याला हसू आवरलं नाही म्हणून, तिला जाग येऊन मेला. ‘पोतिकी’ म्हणजे शेंडेफळ, आणि माउईचं एक नाव ‘माउई-पोतिकी’ आहे. एवढं डोक्यात असलं की कादंबरीतला तोको हा अधू मुलगा लहानपणीच भलामोठा मासा पकडतो तेव्हा ते नुसतं कौतुक राहत नाही, पुढे काय येणार याची चाहूल लागते.

वरवर गोष्ट साधी आहे. किनाऱ्यावरची एक वस्ती, शेजारी पर्यटन प्रकल्प उभारू पाहणारी कंपनी, रस्त्यासाठी तिला हवी असलेली वस्तीची जमीन. कंपनीच्या डॉलमन साहेबांना वस्तीतले ‘डॉलरमॅन’ म्हणतात. हे हवेतलं नाही. ऑकलंडच्या बॅस्टियन पॉइंटवर १९७७-७८ मध्ये न्गाती फातुआ लोकांनी आपल्या जमिनीसाठी ५०६ दिवस ठाण मांडलं होतं आणि शेवटी पोलिसांनी त्यांना उठवलं. ग्रेस यांच्या मूळ वाचकांना ते आठवत होतं.

पुस्तकाचा कणा मात्र फारेनुइ, म्हणजे वस्तीचं सभागृह. फारेनुइ हा पूर्वजाचा देह मानतात: आढं हा त्याचा पाठकणा, वासे या बरगड्या, भिंतीवर कोरलेल्या आकृती म्हणजे पिढ्या. कादंबरी सुरूच होते ती या आकृती कोरणाऱ्या माणसापासून. त्याला गुरूने सांगितलेलं असतं की कोरताना पडणारा लाकडाचा कीस तोंडाने फुंकायचा नाही, नाहीतर लाकूड उठून अंगावर येईल. ही सूचना विसरू नका. पुढे निवेदक बदलत राहतात, बहुतेक प्रकरणांना पात्राचंच नाव असतं, काळ सरळ रेषेत न जाता वळसे घेतो, आणि हे सगळं त्या कोरीव भिंतीसारखंच रचलेलं आहे.

पोतिकी अर्धवट सोडली जाते ती बहुतेक शब्दांपायी. माओरी शब्दांना तिरपा टाइप नाही, मागे शब्दार्थ नाहीत, शेवटचा परिच्छेद तर थेट माओरीत आहे आणि त्याचा अनुवादही दिलेला नाही. हे मुद्दाम केलेलं आहे: स्वतःच्या देशात आपली भाषा परकी असल्यासारखी छापायची नाही, ही ग्रेस यांची भूमिका. माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला तो १९८७ मध्ये, पुस्तकानंतर एक वर्षाने. दर शब्दाला मोबाइल उघडला तर लय मोडते. एक प्रकरण सलग वाचावं, मग अडलेले चार-पाच शब्द बघावेत. ‘व्हानाउ’ असं दिसेल त्याचा उच्चार साधारण ‘फानाउ’, अर्थ कुटुंब-कबिला. ‘व्ह’सारख्या दिसणाऱ्या या जोडाक्षराचा ‘फ’ करायचा एवढं कळलं तरी निम्मी अडचण सुटते.

वेंट यांच्याकडे वळायचं तर वेळ हातात ठेवून. तीन भाग, तीन पिढ्या, सापेपे नावाचं गाव. तिथल्या एका घरातल्या बापाला, तौइलोपेपेला, मळा वाढवायचा आहे, पैसा हवा आहे, गावात मान हवा आहे. पहिल्या भागाचं नावच ‘देव, पैसा आणि यश’ असं आहे. गोरा माणूस या घरावर बंदूक रोखून उभा नाही. त्याची गरजच उरलेली नाही, कारण त्याची सगळी मोजमापं तौइलोपेपेने स्वतःच उचलली आहेत. म्हणून ज्यांना अन्याय करणारा आणि सोसणारा असे सरळ दोन गट नको आहेत, त्यांच्यासाठी हे तिघांतलं सर्वांत मोठ्या ताकदीचं पुस्तक.

चार तारखा मात्र आधी लिहून ठेवाव्यात. १९०० मध्ये पश्चिम सामोआ जर्मनीकडे गेलं. १९१४ मध्ये न्यूझीलंडने ते घेतलं. १९१८ मध्ये ‘तालुने’ जहाजातून फ्लू आला आणि सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या दगावली. जहाज विलगीकरणात न ठेवता माणसं उतरू दिली, हा राग पुढे न्यूझीलंडच्या राजवटीविरुद्धच्या ‘माउ’ चळवळीत उतरला. १ जानेवारी १९६२ ला स्वातंत्र्य. तसंच ‘मताई’ म्हणजे घराण्याची पदवी धारण करणारा प्रमुख. ही पदवी थोरल्या मुलाला आपोआप मिळत नाही, ‘आइङा’ला, म्हणजे विस्तारित कुटुंबाला, ठरवावं लागतं. कादंबरीतली वारसाहक्काची रस्सीखेच यावरच चालते, आणि आपल्याकडच्या पाटीलकीचा हिशेब लावून वाचलं तर ती चुकीची कळते.

त्या ‘ङ’बद्दल. सामोअन भाषा रोमन लिपीत लिहितात आणि त्यात ‘ग’चं अक्षर दिसेल तिथे उच्चार ‘ङ’ असतो. आपल्या वर्णमालेत शाळेनंतर निरुपयोगी पडलेलं हे अक्षर इथे नेमकं कामाला येतं: तौइलोपेपेच्या नातवाचं नाव लालोलाङी, अर्थ ‘जग’. पहिल्या कोऱ्या पानावर तौइलोपेपे, तोआसा, पेपे, लालोलाङी, ङालुपो ही पाच नावं आणि कोण कुणाचा कोण हे टिपून ठेवा. पहिल्या शंभर पानांत नावांची गर्दी फार आहे.

एवढी सवड नसेल तर मधला भागच वाचा. क्षयाने मरायला टेकलेला तौइलोपेपेचा मुलगा पेपे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो, ओबडधोबड, खोडसाळ इंग्रजीत. हा भाग १९७४ मध्ये आधी स्वतंत्रपणे आला होता आणि एकटा उभा राहतो. या भागाच्या नावात ‘फ्लाइंग फॉक्स’ आहे, म्हणजे मोठं वटवाघूळ. सामोअनमध्ये ‘पेआ’ म्हणजे वटवाघूळही आणि पुरुषाच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंतचं गोंदणही. उलटं लटकणारा प्राणी आणि पुरुषत्वाची खूण एकाच शब्दात, यातला खवचटपणा वेंट यांनी पुरेपूर वापरला आहे. कादंबरीचा एक दोष सांगायलाच हवा: बाया सगळ्या कडेकडेने वावरतात. पोतिकीतल्या रोइमाता या निवेदिकेसारखं स्वतःचं म्हणणं मांडणारं माणूस त्यांच्यात नाही.

टिकाँग्जला पूर्वतयारी लागत नाही. सरकारी कचेरीत एकदा तरी हेलपाटे घातलेले असले की झालं. जगात सगळे सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावतात. तिको बेटावर लोक रविवारी प्रार्थनेचं एवढं काम करतात की उरलेले सहा दिवस विश्रांतीला लागतात. मनू नावाचा एक इसम सायकलवरून फिरत ‘विकासा’ला विरोध करत असतो. संग्रहातली ‘द ग्लोरियस पॅसिफिक वे’ ही कथा आधी वाचून बघा: एक माणूस फावल्या वेळात गावोगावच्या तोंडी परंपरा वह्यांत उतरवून घेतो आहे. त्याला टाइपरायटर हवा असतो. परदेशी मदत देणारा अधिकारी हसतमुखाने म्हणतो, मिळेल की, पण आधी समिती, मग अर्ज. तिथून तो अर्ज करण्यात एवढा पटाईत होतो की दुसरं काही उरत नाही. वह्यांचं काय होतं ते इथे सांगत नाही. ही कथा आवडली नाही, तर उरलेला संग्रहही आवडणार नाही, सरळ हिशेब आहे.

हाउओफा मानववंशशास्त्रज्ञ होते, टोंगाच्या राजाच्या खासगी कचेरीत काम केलेले, त्यामुळे नेम अचूक बसतो. खोली मात्र मागू नका. पात्रं व्यंगचित्रांसारखी आहेत, आणि सलग सगळ्या कथा वाचल्या तर चौथ्या-पाचव्या कथेपाशी तीच खुसखुस पुन्हा ऐकल्यासारखं वाटतं. दोन-दोन करून वाचाव्यात.

वाचनमंडळात एका महिन्यात चर्चा करायची असेल तर पोतिकी. आधी चव घ्यायची असेल तर टिकाँग्ज. वेंट दुसऱ्या क्रमांकाला, पहिल्याला नाही. पोतिकी पेंग्विनच्या मॉडर्न क्लासिक्समध्ये आहे. बाकी दोन हवाई विद्यापीठाच्या प्रकाशनाच्या ‘तालानोआ’ मालिकेत निघाली होती; जुन्या प्रती शोधताना हे नाव उपयोगी पडतं.

इंग्रजीच नको असेल तर एक वाट आहे, आणि ती देवनागरीतून जाते. फिजीत १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर भारतीय मजूर उसाच्या मळ्यांवर नेले गेले. त्यांच्या वंशजांपैकी सुब्रमणी यांनी ‘डउका पुरान’ (२००१) ही कादंबरी फिजी हिंदीत लिहिली, दिल्लीच्या स्टार पब्लिकेशन्सने काढली. पाया अवधी-भोजपुरीचा, त्यामुळे ‘उसने किया’ ऐवजी ‘ऊ करिस’ दिसेल. पहिली वीस पानं मोठ्याने वाचली की कान बसतो. ‘गिरमिट’ हे आपलं सुताराचं भोक पाडायचं हत्यार नव्हे, ते ‘अ‍ॅग्रीमेंट’चं झालेलं रूप आहे. ‘कुलम्बर’ म्हणजे मळ्यावर देखरेख करणारा साहेब. मात्र यात मूळ बेटवासीयांचा समुद्र शोधू नका, हा मजुरांच्या नातवंडांचा फिजी आहे. सुब्रमणींचीच ‘फिजी माँ’ (२०१८) हजार पानांच्या वर जाते, पहिल्या खरेदीला ती नको.