'फॉर्टी सेकंड स्ट्रीट' (१९३३) ब्लू-रेवर: काही महिने वापरल्यानंतर

डिस्क पुन्हा पुन्हा लावल्यावर एक गोष्ट पक्की सांगता येते. एका संगीत नाटकाच्या उभारणीवरचा हा हॉलिवूडचा सिनेमा ८९ मिनिटांचा, पण टीव्हीचा कस लागतो तो शेवटच्या वीसेक मिनिटांत. तोवर तालमी, रुसवेफुगवे, पैसा लावणारा शेठ आणि शुभारंभाच्या आदल्या रात्री घोटा मोडून बसलेली नायिका. मग नृत्यदिग्दर्शक बझ्बी बर्कलीची मोठी गाणी एकापाठोपाठ येतात आणि चुकलेलं प्रत्येक सेटिंग उघडं पडतं.

आधी चित्राचा आकार बघा. फ्रेम १.३७:१ ची, म्हणजे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. झूम करून पडदा भरलात की उंचीतला जवळपास चौथा हिस्सा जातो. 'यंग अँड हेल्दी'त कॅमेरा थेट वरून खाली बघतो आणि फिरत्या रंगमंचावर माणसांच्या आकृत्या उमलतात; झूममध्ये त्या वर-खाली छाटल्या जातात. ज्यासाठी हा सिनेमा बघायचा तेच गेलं!

याच गाण्याच्या शेवटी कॅमेरा नर्तकींच्या पायांच्या कमानींखालून सरकत डिक पॉवेल आणि टोबी विंगपाशी पोचतो. मोशन स्मूदिंग चालू असेल तर टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवतो आणि पायांच्या कडा विरघळतात. ते बंद करा, प्लेअरचं २४पी (सेकंदाला २४ फ्रेम, फिल्मच्या मूळ गतीने) चालू ठेवा. नॉइज रिडक्शनही बंद. पडद्यावरचे बारीक कण फिल्मचे आहेत. ते पुसले की चेहरे मेणाचे दिसतात आणि सॉल पोलिटोच्या छायाचित्रणातला पोत जातो.

आवाज मोनो (एकाच चॅनलचा) आहे, त्यामुळे सराउंड मोड नको. ट्रेबल वाढवण्याचा मोह टाळा: त्या काळच्या ध्वनिमुद्रणात वरच्या पट्टीत फारसं काही नसतंच, वाढते ती खरखर. उलट रुबी कीलर टॅक्सीच्या टपावर नाचते तिथे आवाज थोडा मोठा करा. तिचं टॅप जड, पाय दणकून टाकणारं आहे. नाजूकपणा शोधाल तर निराश व्हाल, ठेका ऐकाल तर गुंतून जाल. जिंजर रॉजर्स आणि ऊना मर्कलचे टोमणे फार झपाट्याने येतात, तेव्हा इंग्रजी सबटायटल लावलेली बरी.

नुसती गाणी निवडून बघू नका. वॉर्नर बॅक्स्टरचा थकलेला दिग्दर्शक ज्युलियन मार्श पाच आठवडे सगळ्यांना पिळून काढतो, ते पाहिलेलं असेल तरच शेवटी प्रेक्षकांच्या तोंडचे शेरे ऐकत जिन्यावर बसलेला तो भिडतो. माझ्या मते सिनेमातली सर्वांत खरी जागा हीच.

त्याच वर्षीचे 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३' आणि 'फूटलाइट परेड' याच सेटिंगवर बघा, काही बदलावं लागत नाही.