लोकशाहीच्या कामाला पैसा द्यायचाय? नागपूरच्या सधन कुटुंबासाठी चार वाटांची तुलना

नागपुरात दानाला कधी तोटा नव्हता. रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मागे ठेवलेल्या दानातून 1942 साली एलआयटी (लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था) उभी राहिली. 1923 च्या झेंडा सत्याग्रहात जमनालाल बजाज नुसते पैसे देऊन थांबले नाहीत, तुरुंगातही गेले. आज धरमपेठेतल्या किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या घरानं वर्षाला वीस-पंचवीस लाख बाजूला काढायचे ठरवले की यादी ठरलेली असते: मंदिर, रुग्णालयातला वॉर्ड, शाळेची खोली. महानगरपालिकेचा खर्च तपासणारी, माहिती अधिकारात अर्ज करणारी, ग्रामसभेला कायदा समजावून सांगणारी माणसं त्या यादीत नसतात. पाटी लावायला भिंत नसते, निकाल लवकर दिसत नाही आणि ‘उद्या आपलं बिल अडकवलं तर?’ ही धाकधूक असते.

यातली शेवटची अडचण खरी आहे, तिच्याकडे पुढे येऊ. आधी पैसा कोणत्या वाटेनं द्यायचा ते पाहू. हिशेबासाठी वर्षाला 25 लाख, सलग तीन वर्षं असं धरलंय.

पक्षाला किंवा इलेक्टोरल ट्रस्टला देणगी

बरीच कुटुंबं हाच पर्याय आधी विचारतात, कारण ‘लोकशाहीला देणगी’ म्हटलं की पक्षच डोळ्यांसमोर येतो. करात इथंच सर्वांत जास्त वाचतं: बिनरोखीच्या देणगीवर 100 टक्के वजावट. 30 टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे 25 लाखांवर अधिभार सोडून साधारण 7 लाख 80 हजार वाचतात. सेवाभावी संस्थेला तेच 25 लाख दिले तर निम्म्याच रकमेची वजावट, म्हणजे 3 लाख 90 हजार. तीसुद्धा उत्पन्नाच्या 10 टक्क्यांच्या मर्यादेत, म्हणजे पूर्ण फायद्यासाठी उत्पन्न अडीच कोटींच्या आसपास हवं. खर्च तपासणाऱ्यापेक्षा निवडणूक लढवणाऱ्याला कायदा दुप्पट सवलत देतो, असा हा मामला.

मात्र हे सगळं जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली घेतली असेल तर दोन्हीकडे वजावट शून्य. तेव्हा निर्णय करावर ठेवू नका. 1961 च्या कायद्याची जागा 1 एप्रिल 2026 पासून 2025 च्या कायद्यानं घेतल्यामुळे ‘80जी’ (देणगीवरची वजावट), ‘12ए’ (संस्थेची करमाफी) हे ओळखीचे क्रमांकही बदललेत. सीएंकडून नवे क्रमांक लिहून घ्या.

निवडणूक रोखे 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवले आणि कंपन्यांच्या देणगीवरची मर्यादा काढणारी दुरुस्तीही रद्द केली. त्यामुळे कंपनीला पुन्हा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 7.5 टक्क्यांपर्यंतच देता येतं. इलेक्टोरल ट्रस्ट जमा रकमेतले 95 टक्के त्याच वर्षी पक्षांना वाटून मोकळा होतो. एक सावधगिरी: कधी नाव न ऐकलेल्या नोंदणीकृत पक्षाला धनादेश द्या, कमिशन कापून रोख परत घ्या, असं सांगणारा दलाल दारी आला तर बाहेरचा रस्ता दाखवा. प्राप्तिकर खात्याच्या नोटिसा अशाच देणग्यांवर निघाल्या आहेत.

कायदेशीर असली तरी ही देणगी एका बाजूची. ज्याला व्यवस्था बळकट करायचीय त्याच्या यादीत ती नसावी, असं आमचं मत आहे.

कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा खर्च)

निव्वळ नफा 5 कोटींवर गेला (किंवा उलाढाल 1000 कोटींवर, नक्त मूल्य 500 कोटींवर) की तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करावेच लागतात. बुटीबोरी-हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या अनेक घरच्या कंपन्या यात येतात. पण सीएसआरमध्ये चालणाऱ्या कामांची यादी असलेल्या कंपनी कायद्याच्या अनुसूची 7 मध्ये ‘लोकशाही’ नावाचा मथळाच नाही. शाळेतला संविधान वर्ग ‘शिक्षणा’त बसतो, निविदांची तपासणी बसवायला गेलात तर कंपनीचा लेखापरीक्षकच हात वर करतो. एक दिवसाची मॅरेथॉन किंवा पुरस्कार सोहळा चालत नाही आणि पक्षाला दिलेला पैसा तर सीएसआरमध्ये धरतच नाहीत. संस्थेकडे सीएसआर-1 नोंदणी (सीएसआरचा पैसा घेण्यासाठी लागणारी) आहे का ते आधी पाहा. थोडक्यात, वर्गासाठी ठीक, बाकीच्या कामासाठी नाही.

स्वतःचा ट्रस्ट की चालती संस्था?

खरी निवड या दोघांत आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांचा कल बहुधा ट्रस्टकडे असतो: नाव राहतं, ताबा राहतो.

ट्रस्ट काढायचा तर विश्वस्तपत्र, धर्मादाय कार्यालयात नोंदणी, पॅन, बँक खातं, मग प्राप्तिकरातली तात्पुरती नोंदणी आणि देणगी-वजावटीची वेगळी मान्यता. धर्मादायचं काम कधी दोन महिन्यांत उरकतं, कधी वर्षभर लांबतं. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि उत्पन्नाच्या 85 टक्के खर्चाची अट. कुटुंबातल्या कुणाला पगार किंवा जागेचं भाडं बाजारभावापेक्षा जास्त दिलं तर करमाफीवर गदा. आणि ज्यांना स्वतः काम करायचं नसून फक्त पुढच्या संस्थेला पैसे द्यायचेत त्यांच्यासाठी मेख वेगळीच आहे: एका ट्रस्टनं दुसऱ्याला 100 रुपये दिले तर 85 च खर्च धरले जातात.

सर्वांत जास्त ट्रस्ट अडकतात ते मात्र एका साध्या कागदावर. विश्वस्त वारले किंवा बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. आजोबा जातात, तेराव्यानंतर कुणाच्या लक्षात राहत नाही, आणि आठ-दहा वर्षांनी अनुसूची 1 चा (धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीचा) उतारा काढला तर सातपैकी चार नावं दिवंगतांची. बँक सही बदलून देत नाही, नवे विश्वस्त कागदावर विश्वस्तच नसतात, नोंदणीचं नूतनीकरण अडतं. पैसा खात्यात पडून आणि काम बंद.

चालत्या संस्थेला पैसा देणं त्या मानानं सोपं. तिथं चुकतं ते अटींमध्ये. एक प्रसंग जवळून पाहा. प्रभागातला एक सिमेंट रस्ता सहा महिन्यांत उखडला. माहिती अधिकाराच्या अर्जात मागायचं काय, तर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं, अदा केलेल्या देयकांच्या प्रती. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, प्रतीला पानामागं 2 रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे. उत्साही कार्यकर्ता पाच रस्ते एकाच अर्जात कोंबतो आणि अर्ज तिथंच परत येतो. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं अपील. ते सुनावणीला यायला वर्षही उलटू शकतं. कागद हाती आला की टेप घेऊन रस्त्यावर उतरायचं: मोजमाप पुस्तिकेत जाडी किती लिहिलीय, कडेला खरवडून पाहिली तर किती भरते.

या एका रस्त्याला दीड-दोन वर्षं लागू शकतात. म्हणून एका वर्षाचा, ‘मार्चपर्यंत अहवाल द्या’ असा निधी इथं वायाच जातो. संस्था मग लवकर दिसणारं काम करते: कार्यशाळा, प्रमाणपत्रं, फोटो.

एवढं काम नीट चालवायला नागपुरात वर्षाला साधारण किती लागेल? दोन पूर्णवेळ कार्यकर्ते, महिना 30 हजारांप्रमाणे: 7 लाख 20 हजार. वकिलाचा अर्धवेळ सल्ला, महिना 15 हजार: 1 लाख 80 हजार. दोन खोल्यांचं भाडंही तेवढंच. अर्ज, प्रती, प्रवास: 1 लाख 20 हजार. छपाई आणि सभागृहं दीड लाख, लेखापरीक्षण 50 हजार. बेरीज 14 लाख. उरलेल्या 11 लाखांत दुसरं काम बसतं. पगार कापून कार्यक्रमांवर खर्च करा असं सुचवू नका. दोन अनुभवी माणसं सोडून गेली की अपिलांच्या तारखाही त्यांच्यासोबत जातात.

मग कोणतं काम?

शहरापुरतं पाहायचं तर महानगरपालिका. 2017 च्या निवडणुकीत 38 प्रभागांतून 151 नगरसेवक निवडून आले, मार्च 2022 ला त्यांची मुदत संपली आणि पुढं जवळपास चार वर्षं शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. त्या काळातल्या कार्यादेशांवर सभागृहात प्रश्न विचारायला कुणी नव्हतं. मुंबईत प्रजा फाउंडेशन, बंगळुरात जनाग्रह अशा कामात मुरलेत. त्यांची पद्धत शिकून घेता येते. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन 1953 च्या नागपूर करारामुळं बहुतेक वर्षी इथं भरतं, तेव्हा विदर्भाच्या आमदारांनी काय विचारलं याची नोंद ठेवणं तर अगदी स्वस्तात होतं.

पैसा शहराबाहेर जाऊ देण्याची तयारी असेल तर गडचिरोली. मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाले, त्यामागं गावातल्या अभ्यासगटाच्या अनेक वर्षांच्या बैठका होत्या. ग्रामसभेला हिशेब लिहायला आणि बांबूविक्रीचा करार वाचायला शिकवणारा माणूस, हा खर्च लहान आणि परिणाम मोठा. पत्रकारितेला द्यायचं असेल तर खासगी माध्यम कंपनीला थेट देणगी देऊ नका. त्यासाठी 2015 साली बंगळुरात सुरू झालेल्या इंडिपेंडंट अँड पब्लिक-स्पिरिटेड मीडिया फाउंडेशनसारखी मधली वाट आहे.

भीती आणि नाव

सरकारी कंत्राटं असलेल्या कुटुंबानं एकट्यानं पुढं येऊ नये. चार-पाच घरांनी पाच-पाच लाख एकाच संस्थेला द्यावेत. गुप्तदान मात्र जमत नाही. देणाऱ्याची नोंद नसलेली देणगी एकूण देणग्यांच्या 5 टक्के किंवा 1 लाख, यांतल्या मोठ्या रकमेपलीकडं गेली की संस्थेला 30 टक्के कर बसतो; शिवाय वजावटीचं प्रमाणपत्र हवं तर तुमचा पॅन प्राप्तिकर खात्याकडं जातोच. नाव अहवालात न छापण्याची विनंती करता येते, तेवढंच. तुमची फर्म महापालिकेला माल पुरवत असेल तर ते संस्थेला आधीच लेखी कळवा. नंतर बाहेर आलं तर संस्थेचा सगळा अहवाल संशयाच्या भोवऱ्यात सापडतो.

निवडणुकीच्या दिवसांत आणखी जपायला हवं. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याला निवडून आणण्यासाठी केलेला खर्च भारतीय न्याय संहितेच्या कलम 176 खाली गुन्हा आहे. उमेदवारांची माहिती छापायची तर प्रभागातल्या सर्वांची, एकाच नमुन्यात, पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव घालून.

मुलगी अमेरिकेत असेल आणि तिलाही वाटा उचलायचा असेल तर आधी तिचा पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असेल (ग्रीन कार्ड असलं तरी) तर तिच्या बचतीतली देणगी परकीय ठरत नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असूनही ती परकीय देणगी; संस्थेकडं एफसीआरए (परकीय देणगी कायद्याखालची) नोंदणी हवी आणि पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवेत. ‘बाबांच्या खात्यात टाकते, ते देतील’ हा शॉर्टकट संस्थेच्या गळ्याशी येतो.

देणगीपत्रात चार ओळी घाला: तीन वर्षांची रक्कम, सहा-सहा महिन्यांचे हप्ते; प्रसिद्धीआधी अहवाल देणगीदाराला दाखवण्याची सक्ती नाही; दरवर्षी लेखापरीक्षित हिशेब; आणि थांबायचं झाल्यास सहा महिन्यांची आगाऊ सूचना, म्हणजे सुरू असलेली अपिलं कुणी तरी हातात घेईल.